सोनं खरं, होन खोटा आणि माझे 4,36,500 रुपये गेले

टोकन म्हणून 51,000. आरटीजीएसने 3,25,000. ‘कागदपत्रं काढायला’ 18,500. ‘पुरातत्त्वच्या ना-हरकतीला’ 42,000. एकूण 4,36,500 रुपये. या बदल्यात माझ्याकडे शिवछत्रपतींचा होन म्हणून दिलेली सोन्याची एक चकती आहे, जिची मोड सराफानं 18,900 सांगितली. आकडे आधीच लिहिले, कारण नातेवाइकांत ‘वीस-पंचवीस हजाराला फसला’ अशी कुजबुज आहे आणि पोलिसांनी अर्जाची जी पोच दिली तिच्यात रकमेचा उल्लेखच नाही.

शिवछत्रपतींचा होन म्हणजे काय हे नाणी जमवणाऱ्यांना सांगायला नको. 1674 च्या राज्याभिषेकाचं सोन्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं कडं, वजन साधारण 2.8 ग्रॅम. तांब्याची शिवराई जुन्या बाजारात ढिगानं सापडते, होन मात्र जगात मोजकेच उरलेत. मी शाळेत असल्यापासून नाणी जमवतो. होन घेऊन पुढे चढ्या भावानं विकायचा, असा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. तो देवघरात ठेवायचा होता, एवढंच. म्हणून ‘लोभापायी फसलात’ असं जे मला ऐकवतात त्यांनी कृपा करून गप्प बसावं.

विकणारा पन्नाशीचा, बोलायला अतिशय सभ्य. मला सुरुवातीपासून ‘काका’ म्हणायचा. घराणं सातारकर छत्रपतींच्या चाकरीतलं, आजोबांच्या वाटणीत होन आला, आता आईच्या ऑपरेशनला पैसे हवेत, बाहेर बोभाटा नको. हे सगळं तुम्ही आधी कुठंतरी ऐकलेलंच असेल. पण त्यानं मला नाण्यापेक्षा नाण्याचा इतिहास विकला. अमेरिकेच्या 1933 च्या ‘डबल ईगल’ या सोन्याच्या नाण्याची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. दर्शनी किंमत 20 डॉलर. बहुतेक सगळी नाणी सरकारनं वितळवली. एक इजिप्तच्या राजा फारुकनं 1944 मध्ये रीतसर निर्यात परवाना घेऊन नेलं, 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात ते जप्त झालं, कोर्टबाजी झाली, 2002 मध्ये सुमारे 76 लाख डॉलरला आणि 2021 मध्ये जवळजवळ 1 कोटी 89 लाख डॉलरला विकलं गेलं. ‘काका, किंमत सोन्याची नसते, मालकीच्या कागदाची असते.’ गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः पडताळली आणि तिथंच माझा त्या माणसावर विश्वास बसला.

फरक आता सांगतो. डबल ईगलचा परवाना अमेरिकी सरकारच्या दप्तरात होता, फारुकच्या संग्रहाचा लिलाव 1954 मध्ये कैरोत जाहीर झाला होता, खटला कोर्टात चालला होता. एकेक पुरावा वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी. माझ्या होनाचे सगळे कागद विकणाऱ्याच्याच एका कापडी पिशवीतून निघाले. कागद विकणाऱ्याच्या हातून येत असतील तर ते कागद नाहीत, ती जाहिरात आहे.

आणि ते वाटणीपत्र. 1911 सालचं, मोडीत, खाली तीन भावांच्या सह्या, सोबत टाइप केलेलं देवनागरी लिप्यंतर. त्यात ओळ होती: ‘सोन्याचा शिक्का एक, वजन 2 ग्रॅम 800 मिली.’ 1911 मध्ये ग्रॅम! तेव्हा घरोघरी तोळे, मासे, गुंजा चालत. मेट्रिक वजनं आपल्याकडे आली ती 1956 च्या कायद्यानंतर. ही ओळ मी वाचली होती. त्याच्यासमोर, मोठ्यानं वाचली होती! लिप्यंतर करणाऱ्यानं आजच्या माणसाला कळावं म्हणून ग्रॅम केलं असेल, असं मी धरलं, आणि कोणीही तेच धरलं असतं. घरी आल्यावर मोडी जाणकाराला मूळ कागद दाखवला, तर मोडीतही ग्रॅमच लिहिलेलं. रात्ररात्र झोप लागत नाही ती या एका ओळीमुळे.

सराफाकडे आधी नेलं नाही का, असं विचारतात. नेलं होतं. टंच काढला, 22 कॅरेट निघालं. वजन बरोबर. इथंच मेख आहे: सोनं खरं वापरल्यामुळे सराफाची परीक्षा फसवणाऱ्याच्याच बाजूनं बोलते. सराफ सोनं सांगतो, वय सांगत नाही. पुढे पुण्यातल्या नाणे प्रदर्शनात एका जाणकारानं भिंगाखाली धरलं आणि क्षणात म्हणाला, ‘हे ठोकलेलं नाही, ओतलेलं आहे.’ म्हणजे खऱ्या होनासारखं ठशानं पाडलेलं नाही, साच्यात ओतलेली नक्कल. मग मलाही दिसलं. ‘छत्र’च्या अक्षरांत सुईच्या टोकाएवढे खड्डे, ठिपक्यांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत आणि काठावर कानस फिरवून पुसलेली साच्याची रेघ. पैसे देण्याआधी काठ बघा. दोन्ही बाजू सगळेच बघतात.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘एवढं महागाचं नाणं घेतलंच कशाला?’ मग ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ खोटं वाटणीपत्र बनवून पैसे उकळणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे? सायबरवाले म्हणाले, माणूस समोरासमोर भेटला म्हणजे सायबर नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पुरातत्त्वच्या कचेरीत सांगितलं, खासगी वस्तूवर आम्ही मत देत नाही. वर एका साहेबानं दम भरला की पुरावस्तू कायद्यात तुम्हीच अडकाल! शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू असते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्याकडची चकती तर कालपरवा ओतलेली, मग 1972 चा कायदा मला कसा लागतो? नाणं खरं म्हणावं तर मी आरोपी, खोटं म्हणावं तर तक्रार दिवाणी. कर भरणाऱ्या माणसानं जायचं कुठं? शेवटी लेखी तक्रार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवली. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर तुम्हीही तेच करा, तोंडी विनवण्या करत बसू नका. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर वाद न घालता आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

ते 42,000 एका खासगी यूपीआयवर गेले. सरकारी फी कुणाच्या खासगी खात्यावर जात नसते. नोटरीचा शिक्का बघूनही भुलू नका, नोटरी सही कुणाची ते बघतो, मजकूर खरा आहे का ते नाही.

त्याचा फोन बंद आहे, पण नाणी जमवणाऱ्या एका स्नेह्याला सांगलीत गेल्याच आठवड्यात ‘वाटणीतला होन’ दाखवला गेला. कागद तोच: 1911, तीन सह्या, उजव्या कोपऱ्यात तांबूस डाग आणि ग्रॅममधलं वजन. तुमच्यासमोर आला तर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका. घासाघीस करत माणसाला बसवून ठेवा, कागदाचा आणि त्याच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढा आणि तिथूनच 112 लावा.