रुग्ण सरकवण्याची स्लाइड शीट: दोन वर्षांच्या वापरानंतर

बीड जिल्ह्यात मी गेली अकरा वर्षे रुग्णवाहिका चालवतो. गाडीवर डॉक्टर आणि मी असे दोघेच असतो, त्यामुळे रुग्णाला बाजेवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून दवाखान्याच्या खाटेवर घेण्याचा भार बहुतेक वेळा माझ्या आणि नातेवाइकांच्या कमरेवरच येतो. तीन वर्षांपूर्वी एका अंधाऱ्या खोलीत रुग्णाला उचलताना मी वाकलेल्या अवस्थेतच वळलो आणि पाठीत अशी उसण भरली की पंधरा दिवस बूट घालायलाही दुसऱ्याची मदत लागली.

त्यानंतर आधी मी कमरेचा पट्टा घेतला. त्याने आधार वाटतो हे खरे, पण त्या आधाराच्या भरवशावर माणूस पेलवणार नाही तेही उचलायला जातो. निरोगी कामगाराला अशा पट्ट्याने इजेपासून संरक्षण मिळते असे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेच्या नायोश या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1994 मध्येच सांगितले आहे. रुग्ण हलवताना परिस्थिती अनुकूल असली तरी एका माणसाने साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार हाताने पेलू नये, असे तिथल्याच एका संशोधकाने पुढे मांडले. साठ किलोच्या आजींना दोघांनी उचलले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस किलो येतात. पट्टा बांधल्याने त्यातला एक किलोही कमी होत नाही.

स्लाइड शीट हा भार उचलायलाच लावत नाही, आणि तिचे सारे मोल मला यातच दिसते. गुळगुळीत नायलॉनची, नळीसारखी शिवलेली ही चादर असते; तिचे आतले दोन थर एकमेकांवर घसरतात आणि त्यांच्याबरोबर रुग्णही सरकतो. रुग्णाला कुशीवर वळवायचे, अर्धी गुंडाळलेली शीट पाठीखाली सारायची, पुन्हा उताणे करून दुसरी बाजू ओढून घ्यायची, एवढेच काम असते.

गेल्या पावसाळ्यात केजजवळच्या एका वस्तीवर अर्धांगाचा झटका आलेल्या आजी सुतळीच्या बाजेवर होत्या आणि बाजेला मधोमध झोळ पडला होता. नातू त्यांचा लुळा हात धरून ओढू लागला, तेव्हा मी म्हणालो, "बापू, हाताला धरू नका, खांदा निखळेल, शीटची कड धरा." झोळातून वर सरकवणे जड जाते, म्हणून आधी पाठीखाली गोधडीच्या घड्या घालून पातळी साधली, स्ट्रेचर बाजेपेक्षा दोन बोटे खाली घेतले, ब्रेक लावले आणि मधल्या फटीवर फळी टाकली. एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, कोपर अंगाशी. डोक्याकडे उभ्या डॉक्टरांनी "तीन" म्हणताच पुढच्या पायावरचा भार मागच्या पायावर घेतला. हातांनी हिसका द्यावाच लागला नाही. आजी कण्हल्यासुद्धा नाहीत, आणि त्याचे समाधान मला माझ्या पाठीपेक्षाही जास्त वाटले.

उणिवा सांगणेही आवश्यक आहे. शीट जमिनीवर पडली आणि तिच्यावर पाय पडला तर घसरून आपटण्याची भीती असते. सरकवणे संपताच ती काढून घ्यावी लागते, नाहीतर स्ट्रेचर कलताच रुग्ण घसरतो. मणक्याला मार लागल्याची शंका असलेल्या अपघातग्रस्तासाठी ती वापरू नये. तिथे उभे दोन भाग होऊन दोन्ही बाजूंनी रुग्णाखाली जाणारे स्कूप स्ट्रेचरच योग्य ठरते. जिन्यावरून खाली आणतानाही तिचा उपयोग नाही, तिथे चार माणसे लागतातच.

माझी शीट मला सुमारे दोन हजार रुपयांना पडली. ती साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवतो. शिवण अजून शाबूत आहे, मात्र एका कोपऱ्याचा गुळगुळीतपणा कमी झाला आहे. रक्त किंवा उलटी लागली की निर्जंतुक करून वाळेपर्यंत ती वापरता येत नाही, म्हणून एकीवर भागत नाही. दुसरी घेताना मी दोन्ही कडांना पकडण्याचे पट्टे असलेली घेणार आहे, कारण घामेजल्या हातातून नुसते नायलॉन निसटते.