कँटन फेअरला जोडून गुलांगयू बेट: पॅकेज घ्यावं की नको?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावचे फौंड्रीवाले आणि मशीन शॉपवाले चीनमधल्या ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला निघाले की टूरवाला हळूच एक पुरवणी पुढे सरकवतो: ‘गुलांगयू आयलंड वीकेंड, ग्रुप टूर, सगळं धरून’. श्यामेन शहरासमोरचं हे बेट झकास आहे, त्यात वाद नाही. पॅकेज मात्र ज्या पद्धतीनं विकलं जातं त्यातला निम्मा भाग पैसे टाकण्याजोगा नाही.

आधी तारखा. फेअरची पहिली फेज 15 ते 19 तारखेला असते, एप्रिलमध्येही आणि ऑक्टोबरमध्येही. मशिनरी, हार्डवेअर, टूल्स त्यातच, त्यामुळे आपली बहुतेक मंडळी याच फेजला जातात. दुसरी फेज 23 ला सुरू होते. मधले 20, 21, 22 हे दिवस बेटासाठी उत्तम. वार कोणता का असेना, आणि सोमवार-मंगळवार आला तर गर्दी कमी म्हणून अधिकच चांगलं. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र या वाटेला जाऊच नका. तेव्हा चीनमध्ये सार्वजनिक सुट्ट्या असतात आणि अख्खा देश बाहेर पडलेला असतो. एप्रिलची तिसरी फेज नेमकी 1 मेला सुरू होते, हे टूरवाला सांगत नाही.

व्हिसाबद्दल एकच. 240 तास व्हिसाशिवाय फिरता येतं हे खरं, पण ज्या देशांना ही सवलत आहे त्यांच्या यादीत भारत नाही. आणि पॅकेजमध्ये मध्येच हाँगकाँगची खरेदी घुसवली असेल तर सिंगल एंट्री व्हिसा तिथेच संपतो. हाँगकाँगला गेलात म्हणजे मुख्य चीनमधून बाहेर पडलात, असं धरलं जातं. परत श्यामेनला जायचं तर डबल एंट्री हवी.

ग्वांगझू ते श्यामेन रेल्वेनं, गाडीनुसार चार-पाच तास. ग्वांगझूत मोठी स्टेशनं अनेक आहेत, तेव्हा तिकिटावरचं स्टेशनाचं पूर्ण नाव वाचा. गाडी बहुधा श्यामेन नॉर्थला उतरवते. तिथून मेट्रोची एक नंबरची लाइन थेट शहरात जाते.

आता खरी गोम: बोट. गडबड होते ती इथेच. मेट्रोनं चनहाय रोड स्टेशनला उतरून थोडं चाललं की लुनदू धक्का आहे, आणि पलीकडे बेट इतकं जवळ दिसतं की वाटतं, चला, बसूया. पण दिवसा तो धक्का स्थानिक रहिवाशांसाठी आहे. पर्यटकांना मुख्यतः उत्तरेकडच्या क्रूझ सेंटरच्या धक्क्यावरून जावं लागतं, तिथून बोट वीसेक मिनिटं घेते. लुनदूवरून पर्यटकांना सोडतात ते संध्याकाळनंतर. ग्रुपमधले दोघे चुकून लुनदूला आणि बाकीचे क्रूझ सेंटरला, असं झालं की सकाळ गेलीच.

साध्या बोटीचं तिकीट 35 युआन, जाऊन-येऊन. युआन साधारण 12-13 रुपयांचा धरला तर पाचशेच्याही आत. पॅकेजमध्ये ‘फेरी चार्जेस’ म्हणून काही हजार लावले असतील तर हिशेब मागायला लाजू नका. तिकीट पासपोर्ट नंबरवर निघतं आणि ठरलेल्या वेळेच्या बोटीचं असतं. बेटावर दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, त्यामुळे चांगल्या वेळा आधी संपतात. गेटवर मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही. हॉटेलच्या लॉकरमध्ये पासपोर्ट ठेवून आलेला एक जण सगळ्या ग्रुपला अडकवतो. उतरताना धक्के दोन: सानच्यूथ्येन मुख्य वस्तीजवळ, दुसरा पश्चिमेला शांत भागात. तिकीट कुठल्याचं आहे ते बघूनच हॉटेल ठरवा. एप्रिलमध्ये धुकं पडलं की बोटी थांबतात, जुलै ते सप्टेंबरमध्ये वादळानं. म्हणून परतीची रेल्वे आणि बोट यांत चार-पाच तास मोकळे ठेवा.

बेट दोन चौरस किलोमीटरहूनही लहान. गाडी नाही, मोटारसायकल नाही, सायकललाही बंदी. कडेच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी बॅटरीगाड्या फिरतात, आत गल्ल्यांत सगळं पायी, तेही चढ-उतार आणि पायऱ्या. सामान हातगाडीवाले नेतात. मोठी बॅग श्यामेनलाच ठेवा. 1842 च्या नानजिंग तहानं श्यामेन बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि पुढे या बेटावर वकिलाती, चर्च, बंगले उभे राहिले. 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं ते याच घरांमुळे. लाल विटांच्या भिंती, त्यावर वडाच्या पारंब्या. बेटावरचा सनलाइट रॉक हा खडक 92.7 मीटर उंच, तिकीट पन्नासेक युआन. दरवाजा उघडताच चढा, अकरानंतर वर नुसती रांग.

झेंडेवाल्या गाइडची चार तासांची फेरी मात्र वाया वाटते. त्यातला तासभर मोत्यांच्या आणि सुक्या मासळीच्या दुकानात जातो. शेवटच्या बोटींनी गर्दी परतली की गल्ल्या मोकळ्या होतात, तेव्हा ग्रुप हॉटेलच्या बसमध्ये बसलेला असतो. एक रात्र बेटावर राहणारं पॅकेज असेल तरच घ्या, आणि त्या लॉजला परदेशी पासपोर्टची नोंद करता येते का हे आधी लेखी विचारा. छोट्या लॉजवाल्यांना बऱ्याचदा ते जमत नाही.

खाण्याचं. मांसाहाऱ्यांनी ऑयस्टरचं ऑम्लेट खावं: बारीक कालवं, रताळ्याचा स्टार्च आणि अंडं, कडा कुरकुरीत, मधे चिकट. शाचा नूडल्सचा रस्सा तांबूस दिसतो म्हणून फसू नका, झणझणीत काही नाही. शाकाहाऱ्यांनी तर तो टाळावाच; मटण काढायला सांगितलं तरी मसाल्यात सुकी कोळंबी असतेच. भेट म्हणून विकतात त्या मुगाच्या सारणाच्या वड्यांतही पारंपरिकपणे डुकराची चरबी असते. बिनधास्त घ्यावं ते शेंगदाण्याचं गोड सूप, उपवासाच्या आमटीत साखर पडल्यासारखं. फक्त अंडं घालू नका म्हणून सांगा. पोटभर शाकाहार हवा तर श्यामेनमध्ये नानपुतुओ मंदिराचं भोजनालय, कांदा-लसूणही नसतं. घरून भडंग, चटणी न्या; ताजी फळं, मांस आणि दुधाचे पदार्थ कस्टम्सला चालत नाहीत.

पैसे अलिपे या चिनी पेमेंट अ‍ॅपवर. इंटरनॅशनल वापर चालू केलेलं कार्ड भारतातच जोडून घ्या, कारण ओटीपी तिथे येईलच असं नाही. 200 युआनच्या वरच्या व्यवहाराला 3 टक्के जादा लागतात. व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमच्या रोमिंगवर बहुधा चालतं. देशांतर्गत विमानानं जाणार असाल तर 3सी ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची छाप नसलेली पॉवर बँक विमानतळावरच काढून घेतात. हा नियम जून 2025 पासूनचा आहे.

टूरवाल्याला पैसे द्यावेत ते व्हिसाच्या कागदांचे, रेल्वेचे, बोटीच्या वेळेसकट तिकिटाचे आणि बेटावरच्या एका रात्रीचे. व्हाउचरवर धक्क्याचं नाव आणि बोटीची वेळ लिहून मागा, टीसीएस (परदेशी टूर पॅकेजवर विक्रेता वसूल करतो तो कर) धरलाय का तेही विचारा. ‘तिथं गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर फेअरचं बुकिंग त्याच्याकडे राहू द्या, बेटाचं नको.