घरच्या इंकजेटसाठी प्रिंटेबल डिस्क: मॅट, ग्लॉसी की चंदेरी?

प्रिंटेबल डिस्क म्हणजे जिच्या वरच्या बाजूवर प्रिंटरने नाव किंवा चित्र छापता येतं अशी डिस्क. आधी प्रिंटरला डिस्कचा ट्रे आहे का ते बघा. मुख्यतः एप्सन आणि कॅननच्या ठरावीक मॉडेल्सना ही सोय असते, आणि ट्रेही त्याच मॉडेलचा लागतो. तो नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

सीडी, डीव्हीडी की ब्लू-रे, याने छपाईत फरक पडत नाही. तिन्हींचा व्यास १२० मिलिमीटरच. प्रिंटरला मतलब वरच्या थराशी, आणि फसगत होते तीही तिथेच. पाकिटावर नुसतं 'प्रिंटेबल' असून भागत नाही, 'इंकजेट प्रिंटेबल' हवं. थर्मल, म्हणजे उष्णतेने छापणाऱ्या, प्रिंटरच्या डिस्कही दिसायला तशाच पांढऱ्या, पण त्यांच्यात शाई मुरत नाही. हात लावला की अक्षरं बोटावर येतात. सुट्या डिस्कबद्दल शंका असेल तर आतल्या कडेला किंचित ओलसर बोट टेकवून पाहा. मॅट इंकजेट कोटिंग चिकट लागतं.

आता मुख्य निवड. पांढरी मॅट डिस्क शाई चटकन पिते, मजकूर स्वच्छ उमटतो आणि ती स्वस्तही पडते. मात्र रंग जरा दबलेले दिसतात आणि पाण्याचा थेंब पडला की शाई पसरते. ग्लॉसी वॉटर-रेझिस्टंट डिस्कवर फोटो खुलतो, ओल्या हातांनी धरली तरी चित्र टिकतं. किंमत अर्थातच जास्त. चंदेरी डिस्क रिकामी असताना सगळ्यात देखणी. पण घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते, त्यामुळे चित्रात जिथे पांढरं असेल तिथे खालची चंदेरी दिसते. पांढऱ्या शर्टातला माणूस पत्र्याचा शर्ट घालून आल्यासारखा वाटतो! नाव किंवा लोगोपुरती ती ठीक, फोटोसाठी नको.

माझा कौल असा: बॅकअप आणि घरगुती संग्रहासाठी मॅट, लग्नाचा व्हिडिओ वगैरे कुणाला द्यायचा असेल तर ग्लॉसी.

दुसरा प्रश्न मधल्या वर्तुळाचा. 'हब प्रिंटेबल' डिस्कवर कोटिंग मधल्या भोकाच्या जवळपर्यंत, साधारण २३ मिलिमीटर व्यासापासून सुरू होतं. साध्या प्रिंटेबलमध्ये मधला बराच भाग उघडं प्लास्टिक असतो. हब प्रिंटेबलच घ्या. नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये आतला व्यास नीट मोजून टाका, कारण प्लास्टिकवर गेलेली शाई वाळत नाही आणि ट्रेलाही लागते.

डेटा आधी राइट करा, छपाई नंतर. उलट केलंत तर हाताळताना खालच्या बाजूला बसलेली धूळ आणि ठसे राइटिंग बिघडवू शकतात. छापलेली डिस्क उन्हापासून दूर, सुटी, दिवसभर वाळू द्या. लगेच एकावर एक रचू नका.