येश्केची तिबेटी-इंग्लिश डिक्शनरी (१८८१): तिबेटी भाषाशास्त्रात जायचं असेल तर आधी हीच घ्या

तिबेटीमध्ये पुढे काहीतरी करायचंय, भाषाशास्त्राच्या अंगाने, तर सुरुवातीला कुठलं पुस्तक घेऊ, असं ज्युनिअर मुलंमुली अधूनमधून विचारतात आणि मी सगळ्यांना एकच सांगते, येश्के घ्या. दरवेळी तेच तेच बोलण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं. ज्यांना धरमशाळेला फिरायला गेल्यावर चार वाक्यं बोलायची आहेत किंवा प्रवचन मुळातून ऐकायचंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही, त्यांनी मेल्विन गोल्डस्टीनची २००१ ची आधुनिक तिबेटीची डिक्शनरी बघावी, ती त्या कामासाठी उत्तम आहे. हे लिहितेय ते भाषा कशी बदलत गेली यात ज्यांना रस आहे आणि त्यातच आयुष्य घालवायची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी.

आधी माणूस कोण ते सांगते कारण त्याशिवाय पुस्तक कळत नाही. हाइनरिख ऑगस्ट येश्के, जर्मन, मोरेव्हियन मिशनचा पाद्री. या मिशनला खरं तर मंगोलियात जायचं होतं, रशियातून वाट मिळाली नाही म्हणून हिमालयात आले, तिबेटमध्येही प्रवेश नव्हता, मग लाहौलमध्ये केलाँगला बस्तान बसवलं. मनाली-लेह रोडवर बाइकवाले मुक्काम करतात ना, तेच केलाँग. येश्के तिथे १८५७ ला पोचला आणि तब्येतीने साथ सोडल्यामुळे १८६८ ला परत गेला. मधल्या काळात व्याकरण लिहिलं, केलाँगलाच लिथोवर, म्हणजे दगडी छपाईने, छापलं, बायबलच्या भाषांतराचं काम चालू होतं आणि त्यासाठी शब्द गोळा करणं चालू होतं. आधी जर्मनमधली डिक्शनरी १८७१ ते १८७६ मध्ये लिथोवर निघाली, मग तिचीच सुधारून वाढवलेली इंग्लिश आवृत्ती १८८१ ला लंडनहून आली, आणि १८८३ ला तो वारला. आज आपण वापरतो ती हीच, साडेसहाशेच्या वर पानं, शेवटी छोटासा इंग्लिश-तिबेटी भागही आहे.

ल्हासा त्याने कधीच पाहिलं नाही, आणि माझ्या मते पुस्तकाचं बळ तिथूनच आलंय. तो बसला होता पश्चिमेच्या टोकाला, जिथे लडाख, लाहौल, स्पिती, बाल्टिस्तानकडची माणसं भेटायची, आणि या लोकांच्या तोंडी जुने उच्चार अजून शाबूत होते. तिबेटी स्पेलिंग सातव्या शतकात लिपी आली तेव्हापासून फार थोडं बदललंय, बोली मात्र कुठल्या कुठे गेल्यात. ल्हासात जोडाक्षरं झिजून गेली, त्यांच्या जागी सूर आले, म्हणजे आवाजाच्या चढउतारावरून शब्द वेगळे ओळखायचे. लिहितात स्तग, म्हणजे वाघ, आणि ल्हासाचा माणूस म्हणतो नुसतं ता. हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत लेहची मुलगी होती, तिला एकदा विचारलं वाघाला काय म्हणता गं तुम्ही, तर सहज म्हणाली स्ताक. स पण आहे, शेवटचा क पण आहे. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं, मी त्या दिवशी वेड्यासारखी तिला एकामागून एक शब्द विचारत सुटले होते.

येश्केने हेच केलंय, फक्त पूर्ण भाषेसाठी. शब्दापुढे खूण असते, हा पश्चिमेकडचा, हा मध्य तिबेटचा, हा लडाखचा, हा स्पितीचा, हा पूर्वेकडच्या खामचा, आणि सुरुवातीलाच एक तक्ता दिलाय ज्यात एकच शब्द वेगवेगळ्या भागांत कसा बोलतात ते शेजारी शेजारी लावलंय. पुस्तकाच्या नावातच लिहिलंय की प्रचलित बोलींवर खास भर दिलाय. १८८१ साली हे असं करणं म्हणजे काय आहे याचा जरा विचार करा. तोपर्यंत युरोपात तिबेटी म्हणजे ग्रंथांची भाषा, बोलणारी माणसं कोणाच्या खिजगणतीतच नव्हती. ऐतिहासिक भाषाशास्त्रात आपण जे करतो, म्हणजे बोली शेजारी ठेवायच्या, लिहिलेल्या रूपाशी ताडून बघायच्या आणि मागे मागे जायचं, त्याचा कच्चा माल या माणसाने आयता देऊन ठेवलाय.

एक शब्द घेऊन दाखवते. आठ. लिहितात ब-र-ग-य-द, त्यातली र-ग-य एकावर एक चढवून, ब्र्ग्यद. ल्हासात राहिलंय ग्ये सारखं काहीतरी. बाल्टीत मात्र ब अजून ऐकू येतो, ब्ग्यत. (बाल्टी ऐकायची असेल तर पाकिस्तानात जायला नको, नुब्रामधून पुढे तुर्तुकला जा, १९७१ पासून ते गाव आपल्याकडे आहे, आणि लडाखला जाणारी मराठी मंडळी तिथे जर्दाळू खाऊन फोटो काढून परत येतात, एकदा कोणाला तरी आकडे म्हणायला सांगा.) आता डिक्शनरीत हा शब्द शोधायचा कुठे, तर ब खाली नाही, र खाली नाही, ग खाली, कारण तिबेटी कोशात मूळ अक्षर धरून क्रम लागतो आणि आधी लागलेलं आणि डोक्यावर चढलेलं अक्षर नंतर मोजतात. पहिल्या सेमिस्टरला यावर सगळे रडतात, महिन्याभरात हात बसतो. पण गंमत पुढे आहे. लि फांग-क्वेई नावाच्या मोठ्या चिनी भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की यातला ग मुळात नव्हताच, जुनं रूप ब्र्यत सारखं असणार आणि र आणि य यांच्या मध्ये ग नंतर घुसला. तिबेटीच्या नात्यातल्या भाषा बघा, बर्मीमधला आठ घ्या, प्राचीन चिनीमधला घ्या, दोन्हीकडे र आहे, ग नाही. शंभरचंही तसंच, तिबेटीत ब्र्ग्य, बर्मीत नुसतं रा. म्हणजे ज्या ग खाली आपण शब्द शोधतो तो ग च पाहुणा आहे! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर आकडेच लिहीत बसले होते, आणि अजूनही कोणाला हे समजावून सांगताना अंगावर काटा येतो. या विषयात पगार किती, जागा किती हे सगळं नंतर, आधी हे असं काही बघून झोप उडते का ते स्वतःला विचारा.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. कुठला अर्थ कुठून घेतला ते तो लिहितो. मिलारेपा या तिबेटी संतकवीच्या गाण्यांतून असेल तर तशी खूण, राजवंशाच्या इतिहासातून असेल तर तशी. आणि जो शब्द त्याला स्वतःला कुठे भेटला नाही, फक्त आधीच्या कोशात आहे, तिथे चोमाचं किंवा श्मिटचं नाव टाकून मोकळा होतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की याची जबाबदारी त्यांची. चोमा द क्यॉरॉश म्हणजे तो हंगेरियन, जो जांस्करमध्ये आणि मग किन्नौरमध्ये कानमला थंडीत कुडकुडत शिकला आणि ज्याचा कोश १८३४ ला कलकत्त्याला निघाला. त्याच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, पण त्याचा कोश आता इतिहास म्हणून बघायचा. येश्के मात्र रोज उघडायचा आहे.

क्रियापदांसाठी तर पर्यायच नाही म्हणा. तिबेटी क्रियापदाची चार रूपं असतात, वर्तमान, भूत, भविष्य, आज्ञार्थ, उदाहरणार्थ करणे याची ब्येद, ब्यस, ब्य, ब्योस. स्वर बदलतो, मागे स लागतो, पुढचं अक्षर येतं जातं, आणि यातूनच जुन्या प्रत्ययांचा माग लागतो, यावर लोकांनी अख्खी करिअर केलीत. येश्के ही रूपं एका जागी देतो आणि बोलीत वेगळं असेल तर तेही सांगतो.

आता काय नाही ते. सगळ्यात मोठी उणीव अशी की चीनमधल्या दुनहुआंगची जुन्या हस्तलिखितांनी भरलेली गुहा १९०० ला उघडली, स्टाइन १९०७ ला आणि पेल्यो १९०८ ला हे संशोधक तिथून गठ्ठे घेऊन गेले, आणि तेव्हा येश्के जाऊन जमाना झाला होता. त्यामुळे जुनी तिबेटी, म्हणजे सातव्या ते दहाव्या अकराव्या शतकातली, यात जवळजवळ नाहीच. तिथे मि च्या जागी म्यि लिहिलेलं असतं, शब्दाच्या शेवटी जास्तीचा द असतो जो नंतर गळून गेला, इकाराची खूण कधी उलटी असते, आणि राजदरबाराचे, करारांचे शब्द असतात ज्यांचा नंतरच्या धार्मिक भाषेत अर्थच बदलला. तिथे येश्केचा अर्थ डोळे झाकून लावला तर वाक्य चुकणार. त्यासाठी जुन्या कागदपत्रांचा ऑनलाइन संग्रह आहे, ओटीडीओ म्हणतात, जपानी संशोधकांनी उभा केलेला, फुकट आहे, शब्द टाकला की सगळीकडची वाक्यं समोर येतात. दुसरं म्हणजे लिप्यंतर, तिबेटी शब्द रोमन अक्षरांत लिहायची पद्धत. आज सगळं जग वायलीची १९५९ ची पद्धत वापरतं, येश्केची लेप्सियस या जर्मन विद्वानाच्या पद्धतीवर बेतलेली, टिंबं आणि रेघा असलेली, थोडे दिवस त्रास होतो. आणि संस्कृत प्रतिशब्द हवे असतील तर शरच्चंद्र दासांचा १९०२ चा कोश जास्त उपयोगी, तो येश्केवरच उभा आहे पण बौद्ध ग्रंथांतली भर त्यात पुष्कळ आहे.

इथे आपल्या पुण्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात तिबेटी वाचण्याची परंपरा जुनी आहे, पु. वि. बापट, वा. वि. गोखले ही नावं जगभर आदराने घेतली जातात. पण ती परंपरा बौद्ध ग्रंथ समजून घेण्यासाठी, हरवलेलं संस्कृत शोधण्यासाठी तिबेटी वाचायची होती, तिची गरज होती आणि तिने केवढं तरी मिळवून दिलं. आता मात्र तिबेटीकडे तिबेटी म्हणून बघणारी मराठी माणसं हवीत. आपल्याला तर एक फायदाही आहे. क ख ग ङ हा क्रम आपल्याला पाठ, लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, आणि चमचातला च आणि चहातला च वेगळा हे मराठी कानाला सांगावं लागत नाही. आपण दोन्हींना एकच अक्षर वापरतो, तिबेटींनी च ला छोटासा तुरा लावून वेगळं अक्षर केलं. परदेशी विद्यार्थी जिथे अडखळतात तिथे आपण सरळ पुढे जातो.

करिअरचं म्हणाल तर स्पष्ट सांगते, जागा थोड्या आहेत. भारतात सारनाथ, लेह, शांतिनिकेतन इथे तिबेटी शिकवतात पण जास्त भर धर्म, तत्त्वज्ञान, साहित्यावर, ध्वनिबदलांवर काम करायचं तर बहुतेकांना लंडन, पॅरिस, म्युनिक, तोक्यो अशा ठिकाणचे गाइड शोधावे लागतात. एका ठिकाणी मला मुलाखतीत तोंडावर विचारलं होतं की याचा उपयोग काय, आणि पुढचा प्रश्नच नव्हता. वाईट वाटतं, पण विषय सोडावासा वाटत नाही. जर्मन आणि फ्रेंच वाचता आलं पाहिजे, चिनी जमलं तर सोन्याहून पिवळं, आणि एक जिवंत बोली नीट बोलता आली पाहिजे, नुसत्या ग्रंथांवर भागत नाही. धरमशाळेच्या तिबेटी ग्रंथालयात भाषेचे वर्ग असतात, तिथे एखादा उन्हाळा घालवा. आणि म्युनिकच्या बव्हेरियन अकॅडमीत ग्रांथिक तिबेटीचा कोश चालू आहे, १९५४ ला काम सुरू झालं आणि पहिला भाग छापून आला २००५ ला. आपल्या डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश १९४८ पासून चाललाय, त्यामुळे एका कोशाला पिढ्या लागतात हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. तो पूर्ण होईपर्यंत, आणि झाल्यावरही, बोलींसाठी येश्केच लागणार.

विकत घेताना एवढं बघा. दिल्लीचे रीप्रिंट मिळतात, पेपर साधा असतो पण बांधणी टिकते. मी आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेली प्रत स्कॅनवरून छापलेली निघाली, डोक्यावरची र आणि स ची चिन्हं अर्धवट उडालेली, म्हणजे नेमकं जे बघायला घेतलं तेच दिसत नाही, आणि परत घ्यायलाही तयार नव्हते. म्हणून दुकानात जाऊन घेत असाल तर ग चं पान उघडा, ब्र्ग्यद काढा, वरचा र स्वच्छ दिसतोय का बघा आणि मगच पैसे द्या. कॉपीराइट कधीच संपलाय, इंटरनेट अर्काइव्हवर अख्खी फुकट आहे, प्रवासात मी तीच वापरते. पण टेबलावर कागदी हवीच, कारण एक शब्द शोधताना शेजारचे चार डोळ्याखालून जातात आणि बरेचदा खरं काम त्या चारांतच निघतं. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा दुनहुआंगचा कापला, त्यात येश्केचा काही दोष नाही.