धरणाचं पाणी की पावसाचं?

कयाक म्हणजे वल्ह्याची अरुंद, छोटी होडी. ती खळाळत्या पाण्यात चालवायची तर पावसावरच्या नदीचा भरवसा नाही. आज खळाळती, परवा दगड उघडे. धरणाखालच्या टप्प्यात विसर्गाची वेळ आधी कळते. अमेरिकेतल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरणातून दर शरदात ठरवून पाणी सोडतात आणि कयाकवाल्यांची झुंबड उडते.

मात्र तळाच्या दारातून सुटलेलं पाणी भर उन्हाळ्यातही गारठवतं, वेटसूट (थंडी रोखणारा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) हवाच. शिवाय ते खाली पोचायला वेळ लागतो. घाईने निघालात तर पाण्याच्या पुढे जाऊन खडकांत अडकाल. काठाचे कोरडे दगड बुडू लागले की निघावं.

पावसाच्या पुरात खरी भीती आडव्या झाडांची: फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. नवशिक्यांनी धरणाखालचा सोपा टप्पाच निवडावा, तोही जाणकारासोबत.