फुकट फोटो होस्टिंग: लिंक आठवडाभर हवी की दहा वर्षं?

फोटो चढवायचा, लिंक घ्यायची आणि हवी तिथे चिकटवायची, एवढंच काम असेल तर फुकटच्या साइट ढिगाने आहेत. अडचण चढवताना येत नाही, काही वर्षांनी येते. २०१७च्या जूनअखेरीस फोटोबकेट या साइटने फुकट खात्यांतले फोटो दुसऱ्या साइटवर दिसणं बंद केलं आणि त्यासाठी वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले. लोकांच्या जुन्या लिखाणात फोटोंच्या जागी पैसे भरण्याच्या पाट्या झळकू लागल्या. पुढच्या वर्षी कंपनीने माघार घेतली, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. टायनीपिक तर २०१९मध्ये बंदच झालं. त्यामुळे साइट निवडण्याआधी लिंक किती काळ चालायला हवी ते ठरवा.

जुनी स्कूटर विकायची आहे, मेकॅनिकला गळका पाइप दाखवायचा आहे, अशा कामांना इमजीबीबी किंवा पोस्टइमेजेस उत्तम. खातं काढावं लागत नाही. इमजीबीबीवर एका फोटोला ३२ एमबीपर्यंत मुभा आहे, मोबाइलच्या फोटोला ती भरपूर झाली. शिवाय फोटो अमुक मुदतीनंतर आपोआप पुसला जावा, हे चढवतानाच सांगता येतं. स्कूटर गेल्यावर तिचा फोटो नंबरप्लेटसकट नेटवर कशाला राहायला हवा? पोस्टइमेजेस फोटो चढला की लिंकांची रांगच समोर मांडतं: पानाची, थेट फोटोची, आणि एक फोटो काढून टाकण्याची. ही शेवटची लगेच कुठेतरी जपून ठेवा. खातं नसताना ती हरवली, तर फोटो आपला असूनही स्वतःहून काढता येत नाही.

इमगूरचं नाव यात सगळ्यात मोठं. २००९मध्ये ओहायोतल्या अ‍ॅलन शाफ या विद्यार्थ्याने ते रेडिट या चर्चेच्या साइटवाल्यांसाठी सुरू केलं, २०२१मध्ये ते मीडियालॅब या कंपनीकडे गेलं. मे २०२३पासून त्यांनी नियम बदलला: कोणत्याही खात्याशी न जोडलेले, वापरात नसलेले जुने फोटो काढले जाणार. सप्टेंबर २०२५अखेर ब्रिटनमधून प्रवेशही बंद केला, म्हणजे लंडनच्या मावशीला पाठवलेली लिंक तिथे उघडायची नाही. खातं काढणार नसाल तर मी इमगूर सुचवणार नाही.

गूगल फोटोज या रांगेत बसतच नाही. त्याची लिंक अल्बमच्या पानावर नेते, दुसऱ्या पानात फोटो लावायला ती कामाची नाही. जागाही जीमेल आणि ड्राइव्हसकट १५ जीबी. घरच्यांना लग्नाचे फोटो दाखवायला मात्र झकास.

कुठेही चढवा, आधी एक बघा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश जातात. घराच्या दारात काढलेला फोटो म्हणजे घराचा पत्ताच. काही साइट ही माहिती पुसतात, काही तशीच ठेवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की राहते. सोपा उपाय म्हणजे गॅलरीतूनच लोकेशन काढून मग चढवणं.

खरा पेच टिकाऊ फोटोंचा. समजा तुम्ही सह्याद्रीतले किल्ले हिंडता आणि तटबंदी, पाण्याची टाकी, शिलालेख यांचे फोटो साठलेत. फ्लिकरवर ते दिमाखात दिसतील, अल्बम नीट लागतील. पण २०१३मध्ये फुकट १ टीबी देणाऱ्या फ्लिकरने, २०१८मध्ये स्मगमग या कंपनीने ते विकत घेतल्यावर, फुकट खात्याला १,००० फोटोंची वेस घातली. त्यातही खासगी ठेवता येतात ५०च. दोन पावसाळ्यांत मर्यादा संपते.

विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या फोटोभांडारावर फोटोंच्या संख्येची अशी वेस नाही, जाहिराती नाहीत, आणि मराठी विकिपीडियाच्या लेखांत ते फोटो थेट वापरता येतात. बदल्यात हक्क सैल सोडावे लागतात. सीसी बाय-एसए या खुल्या परवान्याखाली दिलेला फोटो उद्या कुणी कॅलेंडरवर छापून विकला, तर तुमचं नाव देणं आणि परवान्याच्या अटी पाळणं एवढंच त्याच्यावर बंधन. पैसे मागता येत नाहीत आणि परवाना परतही घेता येत नाही. घरगुती कार्यक्रमांचे फोटो तिथे चालत नाहीत, दुसऱ्याने काढलेले तर त्याने खुला परवाना दिल्याशिवाय नाहीच. ज्यांना फोटो विकायचे आहेत त्यांनी कॉमन्सच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी शिलालेख, टाकी तिथे द्यावीत, किल्ल्यावरचे मित्रांचे फोटो फ्लिकरवर ठेवावेत, आणि दोन्हीची मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर असू द्यावी.