नोकिया ई६३ वर ‘व्हीबॅग’ : चाळीस ठिपक्यांची चौकट

घरात दोन चांगले टच फोन असताना मी जुन्या बाजारातून साडेसातशे रुपयांचा नोकिया ई६३ उचलून आणला, तेव्हा नवऱ्याने विचारलं, “हा काय टॉर्चसाठी?” टॉर्च उत्तमच आहे, स्पेसची कळ दाबून धरली की लख्ख लागतो. पण मी तो आणला ‘व्हीबॅग’साठी. व्हीबॅग म्हणजे सिंबियन (नोकियाच्या जुन्या स्मार्टफोनची ऑपरेटिंग सिस्टीम) फोनवर गेमबॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राचे गेम चालवणारा एमुलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारं ॲप. कॉलेजात असताना दादाच्या ई६३ वर मी तो सांगली-पुणे एसटीत इतका वापरलाय की कराड कधी गेलं ते कळायचं नाही.

आता पंधरा वर्षांनी पुन्हा बसवताना पहिली अडचण आठवली. ॲप बसवायची .सिस फाइल उघडली की फोन म्हणतो, सर्टिफिकेटची मुदत संपली. उपाय तेव्हाचाच: फोनची तारीख मागे न्यायची, ॲप मॅनेजरमध्ये ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन’ ‘ऑल’वर ठेवायचं, ऑनलाइन तपासणी बंद करायची. मी २००९ साल लावलं. झालं काम.

खरी गंमत पडद्याची आहे. ई६३ चा पडदा आडवा, ३२० बाय २४० ठिपक्यांचा (पिक्सेलचा). गेमबॉय ॲडव्हान्सचा २४० बाय १६०. म्हणजे चित्र न ताणता मधोमध ठेवलं की चारही बाजूंना बरोबर चाळीस ठिपक्यांची काळी चौकट उरते. देवघरातल्या तसबिरीसारखं दिसतं! मी ‘पूर्ण पडदा’ कधीच लावत नाही. ताणलं की अक्षरं फिसकटतात आणि फोनवरचा बोजा वाढतो तो वेगळाच.

बोजाचं म्हणाल तर हिशेब कागदावर सोपा वाटतो. गेमबॉय ॲडव्हान्समध्ये १६.७८ मेगाहर्ट्झचा ‘आर्म’ जातीचा प्रोसेसर, ई६३ मध्ये ३६९ मेगाहर्ट्झचा, तोही आर्मच. बावीस पट जोर आणि घराणं एकच, मग अडतं कुठे? अडतं चित्रात. मूळ यंत्रात पार्श्वभूमीचे थर आणि पळणारी बाहुली रंगवायला वेगळी सर्किटं होती. इथे ते सगळं, शिवाय आवाजसुद्धा, एकट्या प्रोसेसरने ठिपक्या-ठिपक्याने करायचं. म्हणून मी आवाज बंद ठेवते आणि मधल्या काही फ्रेम गाळू देते. एसटीत तसाही कोण ऐकणार होतं?

आणि कळा! इथे खूप जण फसतात. दिशांसाठी मधलं चौकोनी बटण वापरायला जाऊ नका, ते दोन्ही अंगठ्यांच्या मधोमध येतं. मी दिशा डावीकडच्या अक्षरांवर घेतल्या आणि गेमबॉयची ए-बी ही दोन बटणं उजवीकडे ओ आणि पी वर. तरी एक मेख उरतेच. सिंबियनवर मुळात एका वेळी एकच कळ ओळखायची पद्धत होती. गेम लिहिणाऱ्याला ती अट मुद्दाम काढावी लागे. ती काढली तरी तेव्हाच्या कीपॅडच्या आतल्या जोडणीमुळे तीन कळांचे काही मेळ पोचतच नसत. धावत, उडी मारत गोळी झाडायची म्हटलं की बाहुली खड्ड्यात. लहानपणी टीव्हीच्या व्हिडिओ गेमला कॅसेट लावून, फुंकर मारून, रिमोटवरून भांडत कॉन्ट्रा खेळणाऱ्यांनी इथे ती मजा शोधू नये.

त्यामुळे माझं मत ठाम आहे: या फोनवर पाळीपाळीने चालणारे गेमच खेळावेत. ‘ॲडव्हान्स वॉर्स’ (२००१) घ्या. रणगाडा कुठे न्यायचा यावर दोन मिनिटं विचार करा, एक कळ दाबा, झालं. फ्रेम गळाल्या तरी हरत नाही आपण. ‘पोकेमॉन फायररेड’चंही तेच, फक्त गवतातून चालताना थोडं पाय ओढल्यासारखं वाटतं. चालू गेम आहे तिथे गोठवून ठेवायची सोय तर एसटीवाल्यांसाठी देणगीच: स्टँड आला, गोठवलं, पिशवी उचलली, उतरले. माझ्या टच फोनवर आज हेच गेम आवाजासकट लोण्यासारखे चालतात, पण काचेवरच्या खोट्या बटणांना कड नसते. अंगठा सरकतो आणि माझा बॉम्बर शत्रूच्या तोफेपुढे जाऊन बसतो. ई६३ च्या उंचवट्यांवर मी डोळे पडद्यावर ठेवून खेळते.

एक सांगते, तेव्हा मेमरी कार्डात गाणी भरून देणारे दुकानदार दहा-वीस रुपयांत गेमही भरून द्यायचे आणि आम्ही निर्लज्जपणे घ्यायचो. ‘ॲडव्हान्स वॉर्स’ची खरी कॅसेट मी नंतर, नोकरी लागल्यावर घेतली. ती कपाटात आहे, लावायला यंत्र नाही.

घ्यायचाच असेल तर बॅटरी उघडून बघा, बीपी-४एल फुगलेली असते बऱ्याचदा. आणि ओ, पी, ए, एस या चार कळा दुकानातच दाबून पाहा. माझ्या फोनचा ‘एस’ जरा जोरात दाबावा लागतो, म्हणून माझं सैन्य खाली उतरायला कुरकुरतं.